अमेरिकेत पाळीव प्राण्यांचा कोणता खर्च करात बसतो? टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अमेरिकेच्या संघीय प्राप्तिकर कायद्यात घरच्या कुत्र्या-मांजराच्या संगोपनासाठी एकही टॅक्स क्रेडिट नाही. पशुवैद्याचे बिल, लसीकरण, खाद्य, ग्रूमिंग, दत्तक घेतानाची फी, विम्याचा हप्ता या सगळ्याला कायदा तुमचा वैयक्तिक खर्च मानतो, आणि घरातला कुत्रा कितीही लाडका असला तरी विवरणपत्रात त्याला अवलंबित व्यक्ती म्हणून दाखवता येत नाही. मिशिगनचे खासदार थॅडियस मॅकॉटर यांनी २००९ साली पाळीव प्राण्यांवरच्या ३,५०० डॉलरपर्यंतच्या खर्चाला वजावट देणारे विधेयक प्रतिनिधिगृहात मांडले होते. ते मंजूर झाले नाही. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हॉट्सॅपवर फिरणारे ‘पाळीव प्राण्यांसाठी नवे टॅक्स क्रेडिट’ हे संदेश पुष्कळदा अशाच न झालेल्या कायद्यांच्या आधारे पसरतात.

तरीही काही प्रकरणांत हाच खर्च कायदेशीरपणे करातून कमी होतो. त्यामागचे सूत्र एकच आहे. कर कायदा प्राण्याकडे पाहत नाही, तो त्याच्या कामाकडे पाहतो. प्राणी अपंग व्यक्तीचे काम करत असेल तर त्याचा खर्च वैद्यकीय ठरतो, मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचा असेल तर देणगी ठरतो आणि धंद्याचे काम करत असेल तर धंद्याचा खर्च ठरतो. या लेखातले आकडे, वेगळे सांगितले नसेल तिथे, २०२५ या करवर्षाचे आहेत.

पहिली पायरी: क्रेडिट की वजावट, हे आधी समजून घ्या

टॅक्स क्रेडिट थेट कराच्या रकमेतून कमी होते. हजार डॉलरचे क्रेडिट मिळाले तर हजार डॉलर वाचतात. वजावट करपात्र उत्पन्नातून कमी होते, म्हणून २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे हजार डॉलरच्या वजावटीमागे २२० डॉलर वाचतात. अमेरिकेत प्राण्यांच्या बाबतीत जे काही मिळते ते या दुसऱ्या प्रकारचे असते. खरे क्रेडिट कॅनडात आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

त्यातही एक अडथळा आहे. वैद्यकीय आणि धर्मादाय वजावट घेण्यासाठी शेड्यूल ए भरून सगळ्या वजावटी तपशीलवार मांडाव्या लागतात, आणि त्यांची बेरीज प्रमाणित वजावटीपेक्षा जास्त असेल तरच त्याचा उपयोग होतो. ही प्रमाणित वजावट एकट्या करदात्यासाठी १५,७५० डॉलर आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नींसाठी ३१,५०० डॉलर आहे. घराचे कर्ज नसलेल्या, भाड्याने राहणाऱ्या नोकरदार कुटुंबाची तपशीलवार बेरीज सहसा इतकी होत नाही, त्यामुळे पावत्या गोळा करायला लागण्यापूर्वी हा हिशेब ढोबळमानाने करून पाहावा. धंद्याच्या खर्चाला मात्र ही अट नाही. तो शेड्यूल सी वर थेट धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो.

दुसरी पायरी: सहाय्यक प्राणी असेल तर वैद्यकीय खर्चाचा मार्ग पाहा

या विषयातला सर्वांत भक्कम मार्ग हाच आहे. आयआरएसच्या (अमेरिकेच्या संघीय कर खात्याच्या) प्रकाशन क्रमांक ५०२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा अन्य शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला मदत करणाऱ्या मार्गदर्शक कुत्र्याच्या अथवा अन्य सहाय्यक प्राण्याच्या खरेदीचा, प्रशिक्षणाचा आणि देखभालीचा खर्च वैद्यकीय खर्चात धरता येतो. देखभालीत खाद्य, ग्रूमिंग आणि पशुवैद्याची फी येते, कारण प्राणी निरोगी राहिला तरच तो आपले काम करू शकतो. याचा अर्थ असा की शेजारच्या घरातल्या लॅब्रॅडॉरच्या खाद्याची पिशवी हा वैयक्तिक खर्च राहतो, आणि त्याच दुकानातून घेतलेली तीच पिशवी अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक लॅब्रॅडॉरसाठी असेल तर वैद्यकीय खर्च ठरते.

मानसिक आजाराच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. आयआरएसने २०१० साली दिलेल्या एका माहितीपर पत्रातली भूमिका अशी आहे की प्राण्याचा मुख्य उपयोग मानसिक आजार किंवा दोष कमी करण्यासाठी आहे आणि तो आजार नसता तर हा खर्च झालाच नसता, या दोन्ही गोष्टी करदाता सिद्ध करू शकला तर खर्च पात्र ठरू शकतो. दुसरी अट कडक आहे. पाच वर्षांपासून घरात असलेल्या कुत्र्याविषयी आज डॉक्टरांनी ‘याच्या सहवासाने चिंता कमी होते’ असे लिहून दिले, म्हणून त्याचे खाद्य वैद्यकीय होत नाही, कारण तो खर्च आजाराआधीही होतच होता. आघातोत्तर ताणाच्या झटक्यात मालकाला सावध करायला, त्याला गर्दीतून बाहेर काढायला किंवा औषधाची वेळ लक्षात आणून द्यायला शिकवलेला कुत्रा ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे ठरावीक काम आणि त्यासाठी दिलेले प्रशिक्षण दोन्ही दाखवता येतात. केवळ भावनिक आधार देणारा प्राणी या कसोटीला सहसा उतरत नाही.

इंटरनेटवर पन्नास-शंभर डॉलरला ‘सर्व्हिस डॉग’ची नोंदणी, ओळखपत्र आणि लाल जाकीट विकणाऱ्यांपासून दूर राहावे. अमेरिकेत सहाय्यक प्राण्यांची कोणतीही अधिकृत संघीय नोंदणी नाही. अपंगत्वविषयक कायदा ओळखपत्राला महत्त्व देत नाही आणि कर तपासणारा अधिकारीही देत नाही. ही रक्कम वाया जाते, शिवाय असला कागद जोडलेला दावा अधिकच संशयास्पद दिसतो.

पात्र खर्चाची संपूर्ण रक्कम वजा होत नाही. समायोजित एकूण उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांहून जास्त असलेला वैद्यकीय खर्चच धरला जातो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकट्या करदात्याचे समायोजित उत्पन्न ९०,००० डॉलर आहे. त्याने वर्षभरात सहाय्यक कुत्र्याच्या खरेदी-प्रशिक्षणावर १५,०००, देखभालीवर ३,००० आणि स्वतःच्या अन्य उपचारांवर २,००० डॉलर खिशातून खर्च केले. एकूण वैद्यकीय खर्च २०,००० डॉलर. साडेसात टक्क्यांचा उंबरठा ६,७५० डॉलरचा, म्हणून वजावट १३,२५० डॉलरची. राज्याचा कर ६,००० डॉलर धरला तर तपशीलवार बेरीज १९,२५० होते, आणि ती प्रमाणित वजावटीपेक्षा ३,५०० डॉलरने जास्त आहे. बावीस टक्क्यांनी प्रत्यक्ष बचत ७७० डॉलर. अठरा हजारांच्या खर्चावर सातशे सत्तर! ही रक्कम टाकून देण्याजोगी नाही, पण कुत्रा घेण्याचा निर्णय तिच्या भरवशावर करू नये. पुढच्या वर्षी खरेदीचा खर्च नसेल तेव्हा नुसत्या ३,००० डॉलरच्या देखभालीतून या मार्गाने काहीच मिळणार नाही. म्हणून शक्य असेल तर मोठे खर्च एकाच करवर्षात आणावेत. प्रशिक्षणाचा शेवटचा हप्ता, कुत्र्याची ठरलेली शस्त्रक्रिया आणि स्वतःचे दातांचे काम ३१ डिसेंबरपूर्वी उरकले तर उंबरठा एकदाच ओलांडावा लागतो.

राज्याचा कर वेगळा मोजला जातो, आणि मराठी वस्ती दाट असलेल्या दोन राज्यांत तो करदात्याला अधिक अनुकूल आहे. न्यू जर्सीत वैद्यकीय खर्चाचा उंबरठा राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या फक्त २ टक्क्यांचा आहे आणि संघीय पातळीसारखी प्रमाणित वजावट तिथे नाही, त्यामुळे संघीय विवरणपत्रात काही मिळाले नाही तरी राज्याच्या विवरणपत्रात मिळू शकते. कॅलिफोर्नियात उंबरठा ७.५ टक्क्यांचाच आहे, पण राज्याची प्रमाणित वजावट बरीच लहान आहे (२०२४ साली एकट्यासाठी ५,५४० डॉलर) आणि संघीय विवरणपत्रात प्रमाणित वजावट घेऊनही राज्याच्या विवरणपत्रात तपशीलवार वजावट घेता येते.

तिसरी पायरी: एचएसए (आरोग्य बचत खाते) किंवा एफएसए (नोकरीतून मिळणारे आरोग्य खर्चाचे खाते) असेल तर आधी तिकडे वळा

माझ्या मते सहाय्यक प्राणी असलेल्या नोकरदाराने शेड्यूल ए च्या आधी आपल्या या खात्यांचा विचार करावा. या खात्यांतून वैद्यकीय खर्च करताना साडेसात टक्क्यांचा उंबरठा लागत नाही आणि प्रमाणित वजावटही सोडावी लागत नाही. वरच्या उदाहरणातल्या माणसाने देखभालीचे ३,००० डॉलर एचएसएमधून दिले, तर २२ टक्क्यांनी ६६० डॉलर दर वर्षी वाचतात; पगारातून थेट कपात होत असेल तर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा करही वाचतो. एचएसएसाठी ‘हाय डिडक्टिबल’ आरोग्य विमा योजना, म्हणजे विमा लागू होण्याआधी बरीच रक्कम स्वतः भरावी लागणारी योजना, असावी लागते, आणि २०२५ साठी वार्षिक मर्यादा एकट्यासाठी ४,३०० व कुटुंबासाठी ८,५५० डॉलर आहे. एफएसएची मर्यादा ३,३०० डॉलर आहे.

यासाठी डॉक्टरांकडून वैद्यकीय गरजेचे पत्र आधीच घ्यावे. पत्रात आजार किंवा अपंगत्व कोणते, प्राणी कोणते काम करतो आणि ते काम उपचाराचा भाग का आहे, हे लिहिलेले असावे. एफएसए चालवणारी कंपनी बहुतेक वेळा या पत्राशिवाय दावा मंजूर करत नाही. एचएसएमध्ये कार्ड लगेच चालते, पण प्रश्न विचारला गेला तर उत्तर खातेदारालाच द्यावे लागते. खात्यातून दिलेला खर्च पुन्हा शेड्यूल ए वर दाखवता येत नाही.

चौथी पायरी: शेल्टरसाठी प्राणी सांभाळत असाल तर संस्थेचे पत्र मिळवा

अनेक मराठी कुटुंबे स्वतः प्राणी दत्तक घेत नाहीत, पण जवळच्या शेल्टरमधली पिल्ले घर मिळेपर्यंत आठ-दहा आठवडे सांभाळतात. भारतात लांबच्या सुट्टीवर जायचे असल्याने कायमचा प्राणी नको, हे त्यामागचे नेहमीचे कारण असते. या सांभाळात खिशातून झालेला आणि परत न मिळालेला खर्च धर्मादाय देणगी म्हणून धरता येतो.

या मुद्द्याचा पाया २०११ सालच्या व्हॅन ड्यूसेन विरुद्ध कमिशनर या टॅक्स कोर्टाच्या निकालाने घातला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वकील असलेल्या व्हॅन ड्यूसेन बाईंनी २००४ साली सत्तरहून अधिक मांजरांची देखभाल केली. त्यांतली बहुतेक ‘फिक्स अवर फेरल्स’ या निर्बीजीकरण करणाऱ्या संस्थेच्या कामाशी जोडलेली होती. त्यांनी १२,०६८ डॉलरची वजावट मागितली आणि आयआरएसने ती नाकारली. आपला खटला त्यांनी स्वतःच चालवला. संस्थेची सेवा करताना झालेला खर्च हा संस्थेला दिलेल्या देणगीसारखाच आहे, हे न्यायालयाने मान्य केले आणि पशुवैद्य, खाद्य व साफसफाई यांच्या खर्चातला पात्र भाग मंजूर केला. कॉस्टकोचे सदस्यत्व आणि वकिलांच्या संघटनेची फी यांसारखे, मांजरांशी थेट न जोडलेले खर्च मात्र नाकारले गेले. त्याहून मोठा फटका कागदाने दिला. ज्या एकेका खर्चाची रक्कम २५० डॉलर किंवा त्याहून जास्त होती, त्यासाठी संस्थेचे लेखी पत्र त्यांच्याकडे नव्हते, म्हणून खर्च खरा असूनही तो गेला.

म्हणून क्रम असा ठेवावा. सर्वप्रथम आयआरएसच्या संकेतस्थळावरील करमुक्त संस्थांच्या शोधयादीत आपले शेल्टर ५०१(सी)(३) या कलमाखाली नोंदलेले आहे का, ते पाहावे. नंतर संस्थेचा स्वयंसेवक म्हणून लेखी करार करावा. स्वतःच्या मनाने अंगणातल्या भटक्या मांजरांना खाऊ घालणे पुण्याचे असले तरी संस्थेशी नाते नसल्यामुळे वजावटीस पात्र नाही. संस्थेच्या प्राण्यांसाठीची खरेदी घरच्या प्राण्यापासून वेगळ्या पावतीवर करावी. एकाच पावतीवर दोघांचे खाद्य असले की नंतर वाटणीचा वाद होतो. वर्षअखेरीस संस्थेकडून पत्र मागावे. त्यात तुम्ही कोणती सेवा दिली, आणि तिच्या बदल्यात संस्थेने तुम्हाला वस्तू किंवा सेवा दिल्या की नाहीत, दिल्या असल्यास त्यांचे अंदाजे मोल किती, हे नमूद असायला हवे. हे पत्र विवरणपत्र भरण्यापूर्वी, आणि मुदतवाढीसह भरण्याच्या अंतिम तारखेआधी, हातात असलेच पाहिजे. तपासणीची नोटीस आल्यावर मिळवलेले पत्र चालत नाही.

प्राण्याला दवाखान्यात किंवा दत्तक मेळाव्याला नेण्यासाठी गाडी चालवली असेल तर दर मैलामागे १४ सेंट धरता येतात. हा दर कायद्यातच लिहिलेला असल्याने इंधन महागले तरी वाढत नाही. तारीख, ठिकाण, काम आणि मैल यांची वही ठेवावी. तुमच्या वेळेचे मोल धरता येत नाही. दत्तक घेताना भरलेली फी देणगी होत नाही, कारण तिच्या बदल्यात तुम्हाला प्राणी मिळतो; फीपेक्षा जास्त दिलेली रक्कम देणगी होऊ शकते. २०२६ पासून प्रमाणित वजावट घेणाऱ्यांनाही रोख देणगीसाठी एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वेगळी वजावट मिळेल, तर तपशीलवार वजावट घेणाऱ्यांच्या देणगीतला उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याएवढा पहिला भाग धरला जाणार नाही.

पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या प्राणी-आश्रमाला अमेरिकेतून थेट पाठवलेली देणगी संघीय करातून वजा होत नाही, कारण संस्था अमेरिकेत स्थापन झालेली असावी लागते.

पाचवी पायरी: धंद्यातला प्राणी

गोदामाची राखण करणारा कुत्रा, शेतावर गुरे हाकणारा कुत्रा किंवा धान्याच्या कोठारात उंदीर मारणारी मांजर यांचा खर्च धंद्यासाठी सामान्य आणि आवश्यक असेल तर वजा होतो. दक्षिण कॅरोलिनातल्या भंगाराच्या आवारात साप आणि उंदीर येऊ नयेत म्हणून मालकांनी रानमांजरांसाठी खाद्य ठेवले होते. २००१ च्या सीराइट प्रकरणात त्या मांजरखाद्याची वजावट आयआरएसनेच मान्य केली. मोटेल, किराणा दुकान किंवा गोदाम चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे उदाहरण उपयोगी पडेल, मात्र राखणीचे काम कागदावर दिसले पाहिजे. कुत्र्याच्या जातीला ते काम शोभते का, तो रोज किती तास धंद्याच्या जागी असतो, त्याला राखणीचे प्रशिक्षण दिले आहे का, याची नोंद ठेवावी. संध्याकाळी तो घरी येऊन मुलांबरोबर खेळत असेल तर खर्चाचा धंद्याकडचा भागच धरावा. खरेदीची किंमत भांडवली खर्च म्हणून घसाऱ्यातून जाते, खाद्य आणि औषधे त्या-त्या वर्षी वजा होतात. घरून काम करणाऱ्या संगणक अभियंत्याचा, दारावरची घंटा वाजली की भुंकणारा पोमेरेनियन या व्याख्येत बसत नाही. पगारदार माणसाने कामासाठी केलेला आणि मालकाने परत न दिलेला खर्च तर संघीय करात वजा होतच नाही.

समाजमाध्यमांवरून किंवा जाहिरातींतून पैसे मिळवणाऱ्या प्राण्यालाही हेच नियम लागू होतात, फक्त तिथे छंद आणि धंदा यांतला फरक कळीचा ठरतो. पाचपैकी तीन वर्षे नफा झाला तर तो धंदा आहे असे गृहीत धरले जाते. छंद ठरला तर उत्पन्नावर कर भरावा लागतो आणि खर्च काहीच वजा होत नाही. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्यांनी असे उत्पन्न सुरू करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. स्वतंत्र व्यवसायाचा व्हिसावर होणारा परिणाम कराच्या बचतीपेक्षा कितीतरी गंभीर असू शकतो.

बदलीच्या खर्चाची वजावट सामान्य नोकरदारांसाठी २०१८ पासून बंद आहे. लष्करी आदेशाने बदली झालेल्या सेवारत सैनिकांना ती मिळते आणि तिच्यात पाळीव प्राणी नव्या घरी नेण्याचा खर्चही येतो.

कॅनडात राहणाऱ्यांसाठी

टोरांटो किंवा व्हँकुव्हरमधल्या वाचकांसाठी वैद्यकीय खर्चाचे टॅक्स क्रेडिट हा खरा क्रेडिटचा मार्ग आहे. अंधत्व, तीव्र बहिरेपणा, तीव्र ऑटिझम, तीव्र मधुमेह, तीव्र अपस्मार, हातापायांच्या वापरावर दीर्घकाळ गंभीर मर्यादा आणणारे अपंगत्व, तसेच २०१८ पासून गंभीर मानसिक विकार असलेल्या व्यक्तीला मदत करण्यासाठी खास प्रशिक्षित प्राण्याची किंमत, खाद्य आणि पशुवैद्याचा खर्च त्यात धरता येतो. असे प्रशिक्षण देणे हे मुख्य उद्दिष्टांपैकी एक असलेल्या व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून प्राणी आलेला असावा लागतो. केवळ भावनिक आधाराचा प्राणी कॅनडातही वगळला आहे. निव्वळ उत्पन्नाचे ३ टक्के किंवा २०२४ साठी २,७५९ कॅनेडियन डॉलर, यांतली कमी रक्कम ओलांडल्यावरच्या खर्चावर क्रेडिट मिळते. दावा ३३०९९ क्रमांकाच्या ओळीवर करायचा असतो.

शेवटची पायरी: कागद लावून विवरणपत्र भरणे

वैद्यकीय मार्गासाठी डॉक्टरांचे पत्र, प्रशिक्षण संस्थेचा करार, पावत्या आणि प्राणी कोणती कामे करतो याची एक पानी यादी एकत्र ठेवावी. शेड्यूल ए वरच्या पहिल्या चार ओळींत वैद्यकीय हिशेब येतो. विम्याने किंवा एखाद्या संस्थेने भरून दिलेली रक्कम आधी वजा करूनच आकडा लिहावा. कागद विवरणपत्रासोबत पाठवायचे नसतात, पण ते किमान तीन वर्षे जपून ठेवावे लागतात.

एफ-१ व्हिसावर पहिल्या पाच वर्षांत असलेले विद्यार्थी सहसा १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म भरतात, आणि त्या फॉर्मवर वैद्यकीय वजावट नाही. अमेरिकन संस्थेला दिलेली देणगी त्यात धरता येते, पण भारताबरोबरच्या करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळत असल्याने बहुतेकांना तीच परवडते.

सहाय्यक प्राण्याचा किंवा फॉस्टरचा (शेल्टरसाठी प्राणी सांभाळण्याचा) पात्र खर्च मागच्या विवरणपत्रात दाखवायचा राहून गेला असेल, तर मूळ विवरणपत्र भरल्यापासून साधारणपणे तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हा सुधारित फॉर्म भरून परतावा मागता येतो. फॉस्टरच्या २५० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या खर्चाचे संस्थेचे पत्र तेव्हाच वेळेत घेतलेले नसेल, तर तेवढी रक्कम सुधारित फॉर्मवरही मागता येत नाही.